पीपीई घालता सगळ्यांना येतं, काढायचं कसं ते बघू

हॉस्पिटलमध्ये नवीन लागलेल्या पोरापोरींना मी पहिल्याच आठवड्यात एक उद्योग करायला लावते. गाऊन, मास्क, ग्लोव्हज सगळं घालायचं, मग ग्लोव्हजवर एक लोशन चोळायचं, ते साध्या उजेडात दिसत नाही पण अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली चमकतं, आणि मग रोज काढता तसं सगळं काढून टाकायचं. लाईट बंद करून टॉर्च मारला की खोलीत आधी हशा आणि मग एकदम शांतता. कुणाचं मनगट चमकतंय, कुणाचा गळा, एकाची तर कानाची पाळी, कारण मास्क काढायच्या घाईत पठ्ठ्याने ग्लोव्हज काढलेच नव्हते. मी स्वतः पहिल्यांदा हे केलं तेव्हा माझ्या हनुवटीखाली चांगला अंगठ्याएवढा ठसा निघाला होता, आणि तोपर्यंत मी शपथेवर सांगितलं असतं की तिथे मी हात लावलाच नाही.

हे फक्त नवख्यांचंच होतं असं पण नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात हॉस्पिटलमधल्याच लोकांना असंच चमकणारं लोशन लावून ग्लोव्हज आणि गाऊन काढायला सांगितले, एकूण ४३५ वेळा, त्यातल्या २०० वेळा म्हणजे ४६ टक्के वेळा लोशन अंगाला नाहीतर कपड्यांना लागलेलं निघालं. म्हणून घालण्याचं मी जरा भरभर सांगते, काढण्यापाशी मात्र थांबूया.

आधी ठरवा, काय काय घालायचंय

कोविडमुळे पीपीई म्हटलं की डोक्यापासून पायापर्यंतचा पांढरा सूटच डोळ्यासमोर येतो. खरं तर रक्त काढताना घातलेले नुसते ग्लोव्हज पण पीपीईच. आणि जास्त घातलं की जास्त सेफ हा तर मोठाच गैरसमज आहे, जेवढे थर जास्त तेवढं काढताना गोंधळायला वाव जास्त, शिवाय घाम वेगळा आणि घाम आला की हात आपोआप तोंडाकडे जातो.

स्वतःला दोन प्रश्न विचारा. पहिला, मी जे काम करायला चाललेय त्यात अंगावर काय उडू शकतं? हा प्रश्न प्रत्येक पेशंटसाठी, रिपोर्ट काहीही असो, कारण कुणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. नाडी बघायची, बीपी घ्यायचं, कातडी कुठे फुटलेली नाही, तर स्वच्छ हात पुरतात, ग्लोव्हज सहसा लागत नाहीत. सुई टोचायची, लघवीची पिशवी रिकामी करायची तर ग्लोव्हज. सक्शन करायचं, म्हणजे नळीने कफ ओढून काढायचा, जखम धुवायची, म्हणजे जिथे शिंतोडे उडणार तिथे गाऊन, मास्क आणि डोळ्यांवर काहीतरी पाहिजेच.

दुसरा प्रश्न, पेशंटला जे आहे किंवा असल्याचा संशय आहे ते पसरतं कसं? खरूज, एमआरएसए (बऱ्याच अँटिबायोटिक्सना दाद न देणारा जंतू), सी डिफ नावाच्या आतड्यातल्या जंतूचे जुलाब हे सगळं स्पर्शाने पसरणारं, तिथे गाऊन आणि ग्लोव्हज. फ्लू, डांग्या खोकला हे थेंबांतून, तिथे जवळ जाताना सर्जिकल मास्क. टीबी, गोवर, कांजिण्या हे हवेतून, तिथे सर्जिकल मास्क पुरत नाही, एन-९५ लागतो. गोवराचा विषाणू तर पेशंट खोलीतून निघून गेल्यावर पण दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो, त्यामुळे खोली रिकामी आहे म्हणून बिनधास्त आत शिरू नका. गोवर किंवा कांजिण्यांच्या खोलीत ज्याला त्या रोगाची इम्युनिटी आहे अशानेच जावं हे पण लक्षात ठेवा, तुमची स्वतःची नसेल किंवा माहीत नसेल तर ड्युटी लावणाऱ्याला आधीच सांगून टाका, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दारावर बोर्ड असतो तो वाचा. नसेल तर इन्चार्ज सिस्टरना विचारा. अंदाजाने आत जाऊ नका.

दाराबाहेरची तयारी

बाथरूमला जाऊन या. पाणी पिऊन घ्या. हे ऐकून सगळे हसतात पण एकदा सगळं चढवलं आणि मग जायची वेळ आली की काय होतं ते ज्याचं त्यालाच कळतं, आणि घाईघाईत काढण्याइतकं धोक्याचं दुसरं काही नाही. केस घट्ट बांधा, कपाळावर येणारी एक बट पण नको कारण आत गेल्यावर तुम्ही ती मागे सारणारच. अंगठ्या, घड्याळ, बांगड्या काढा. नखं कापलेली हवीत, नाहीतर ग्लोव्हजचं टोक आतूनच फाटतं. चष्मा घालत असाल तर आत्ताच पुसून नीट बसवा.

फोन बाहेर. यावर मी वाद घालत नाही. गाऊनच्या आत खिशात ठेवलेला फोन वाजला की माणूस हात घालतोच, आणि मग तोच फोन कानाला.

मग हात. अल्कोहोलचं हॅन्डरब असेल तर २० ते ३० सेकंद, साबण-पाणी असेल तर सगळं मिळून ४० ते ६० सेकंद, बोटांच्या बेचक्यात, अंगठ्याभोवती, नखांच्या टोकांना. अंगठा सगळ्यात जास्त राहतो, चोळताना त्याला दुसऱ्या मुठीत धरून फिरवा. हात डोळ्यांना दिसतील इतके घाण असतील तर हॅन्डरब नको, साबण-पाणीच. सी डिफच्या पेशंटकडून बाहेर पडताना पण साबण-पाणीच, कारण त्याचे स्पोअर्स, म्हणजे टणक कवचातली बीजं, अल्कोहोलने मरत नाहीत, धुवूनच काढावे लागतात.

घालायचा क्रम

गाऊन, मग मास्क, मग डोळ्यांचं, शेवटी ग्लोव्हज. हा क्रम तोंडपाठ करा.

गाऊन गळ्यापासून गुडघ्यापर्यंत आणि मनगटापर्यंत झाकणारा हवा, मागे एकावर एक यायला हवा. बंद मागे बांधा आणि गाठ सुटणारी मारा, सरकफास. निरगाठ मारलीत तर काढताना मानेशी चाचपडत बसाल. साईज लहान असेल तर दुसरा मागा, उघड्या पाठीने जाऊ नका.

सर्जिकल मास्कची रंगीत बाजू सहसा बाहेर असते, वरची तार नाकावर दाबायची, खालची घडी हनुवटीखाली ओढायची. नाक बाहेर ठेवून मास्क घालणारे अजूनही दिसतात, त्यांच्याबद्दल काय बोलायचं.

एन-९५ चं जरा सविस्तर सांगते कारण इथेच जास्त लोक फसतात. ९५ म्हणजे सगळ्यात अवघड, साधारण ०.३ मायक्रॉनचे कण पण कमीत कमी ९५ टक्के अडवायचे. पण ते कापडाचं झालं, गालाशी फट राहिली तर हवा सरळ तिथूनच आत येणार, पाण्यासारखीच आहे ती, वाट सोपी तिकडे जाते. म्हणून दोन वेगवेगळ्या टेस्ट असतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. फिट टेस्ट म्हणजे कुठल्या कंपनीचा कुठल्या साईजचा मास्क तुमच्या चेहऱ्याला बसतो ते एकदा बघून ठरवणं, ती वर्षाला एकदा करायची असते आणि चेहरा बदलला, म्हणजे वजन बरंच कमी-जास्त झालं किंवा दातांचं मोठं काम झालं, तर परत. त्यात डोक्यावर एक टोपडं घालून आत सॅकरीनचा नाहीतर कडू औषधाचा फवारा मारतात, मास्क घातलेला असताना तुम्हाला गोड किंवा कडू चव आली म्हणजे तो मास्क तुमच्यासाठी फेल. सील चेक वेगळा, तो दर वेळी, दर वेळी म्हणजे खरंच दर वेळी, घातल्या घातल्या स्वतःच करायचा.

घालताना मास्क तळहातात कपासारखा धरा, चेहऱ्याला लावा, वरचा पट्टा डोक्याच्या वरच्या मागच्या भागावर आणि खालचा कानांच्या खाली मानेवर. दोन्ही पट्टे मानेवर नको आणि एकमेकांवर फुली पण नको. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी मधून बाहेर दाबत न्या, एका हाताच्या चिमटीने दाबली की मधे टोक येतं आणि बाजूला फट राहते. आता दोन्ही हातांनी मास्क झाका आणि जोरात श्वास घ्या, मास्क थोडा आत खेचला गेला पाहिजे. मग सोडा, कडेने वारा लागता कामा नये. नाकापाशी डोळ्यांकडे वारा लागला तर पट्टी परत दाबा, गालाशी लागला तर पट्टे सरकवा. चष्म्यावर वाफ येतेय म्हणजे बहुतेक वेळा वरून लीक आहे, तेव्हा चष्म्याला दोष देण्याआधी मास्क बघा.

आणि दाढी. मास्कची कड जिथे टेकते तिथे केस असतील तर सील होत नाही, दोन दिवसांची खुंटं असली तरी नाही. धार्मिक किंवा इतर कारणाने दाढी ठेवायचीच असेल तर चेहऱ्याला घट्ट बसायची गरज नसलेलं, पंख्याने हवा देणारं हूड असतं त्याची मागणी करा, पण दाढीवर एन-९५ चढवून समाधान मानू नका.

डोळ्यांसाठी गॉगल किंवा फेस शील्ड. नेहमीचा नंबरचा चष्मा हे संरक्षण नव्हे, बाजूने आणि वरून तो सताड उघडा असतो.

ग्लोव्हज शेवटी, आणि ते गाऊनच्या बाहीवरून ओढायचे, मनगटाची कातडी दिसता कामा नये. हात वर करून, पुढे ताणून बघा, फट पडते का. लॅटेक्सने खाज सुटत असेल, पुरळ येत असेल तर नायट्राईलचे मागा, नवीन लोक संकोचाने सांगत नाहीत आणि मग हात सोलून निघतात. गंमत म्हणजे सर्जरीत रबरी ग्लोव्हज आले त्यामागे पण हाताच्या कातडीचंच दुखणं होतं. १८८९-९० च्या सुमारास अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये कॅरोलिन हॅम्प्टन नावाच्या नर्सचे हात जंतुनाशकाने फुटायला लागले म्हणून सर्जन विल्यम हॅलस्टेड यांनी तिच्यासाठी गुडइयर कंपनीकडून पातळ रबराचे ग्लोव्हज बनवून घेतले. पुढे दोघांनी लग्न पण केलं.

आत असताना

स्वच्छ कामाकडून घाण कामाकडे जायचं, उलटं नाही. आधी सलाईनच्या लाईनचं बघा, मग डायपर. एकाच पेशंटवर पण घाण जागेवरून स्वच्छ जागेकडे यायचं असेल तर ग्लोव्हज बदला आणि मधे हात स्वच्छ करा. एका पेशंटचे ग्लोव्हज दुसऱ्याला चालत नाहीत, आणि ग्लोव्हजवर सॅनिटायझर चोळून वेळ मारून नेणं पण नेहमीच्या कामात चालत नाही, साध्या ग्लोव्हजचं मटेरियल त्यासाठी नसतं.

ग्लोव्हज घातले की आपल्याला वाटतं आपण सेफ, आणि मग तेच हात पडद्याला, मॉनिटरच्या बटणाला, पेनाला, दाराच्या हँडलला. तुम्ही सेफ असाल पण तुमच्यानंतर त्या हँडलला उघड्या हाताने धरणाऱ्याचं काय? एक युक्ती सांगते, आत काही करायचं नसेल तेव्हा हात कमरेच्या वर, छातीच्या खाली, एकमेकांत धरून उभे राहा. वेडगळ दिसतं पण हात भटकत नाहीत.

नाकाला खाज येणार, हमखास येणार. आली तर नाक आक्रसा, सहन करा, अगदीच नाही झालं तर बाहेर येऊन सगळं रीतसर काढा. मास्क ओला झाला, ग्लोव्हज फाटला, गाऊनमधून ओल आत आली तर काम सुरक्षित जागी थांबवून बदला. थोडंच राहिलंय म्हणून रेटू नका.

आता काढायचं

आधी जागा बघून ठेवा. डस्टबिन कुठे आहे, हॅन्डरब कुठे आहे, हे काढायला सुरुवात करायच्या आधी. गाऊन अर्धा निघालाय आणि डबा खोलीच्या दुसऱ्या टोकाला, असं झालं की माणूस तसाच चालत जातो. एन-९५ सोडून बाकी सगळं दारापाशी आतच किंवा मधल्या छोट्या खोलीत काढायचं, एन-९५ मात्र बाहेर येऊन दार बंद झाल्यावरच.

मनात एक नकाशा ठेवा. पुढची बाजू आणि बाह्या घाण, ग्लोव्हजची बाहेरची बाजू सगळ्यात घाण, मास्क आणि गॉगलचा पुढचा भाग घाण. आतली बाजू, मागचे बंद, मागचे पट्टे स्वच्छ. पुढचं सगळं या नकाशावरून आपोआप सुचतं: घाणीला घाणीने धरा, स्वच्छाला स्वच्छाने.

ग्लोव्हज. उजव्या हाताच्या बोटांनी डाव्या ग्लोव्हजची बाहेरची बाजू मनगटाच्या जरा खाली, तळव्यापाशी चिमटीत धरा, कातडी नाही, फक्त रबर. आता सावकाश बोटांकडे ओढा, तो उलटा होत निघेल. सावकाश म्हणजे सावकाशच, झटका दिला की रबर फट्‌ करून सुटतं आणि त्यावरचे थेंब तोंडावर. निघालेला ग्लोव्ह उजव्या मुठीत गोळा करून धरा. आता डावा हात उघडा आहे, त्याची दोन बोटं उजव्या ग्लोव्हजच्या आत, मनगटाच्या कातडीला लागून सरकवा, बाहेरून नाही. बहुतेकांचं मनगट चमकतं ते इथेच, उघड्या बोटांनी बाहेरची कड धरली जाते. आतून सरकवलेल्या बोटांनी तो ग्लोव्ह उलटा करत पहिल्यावरून ओढा, दोन्हीची मिळून एक पुरचुंडी होईल, सगळी घाण आत. डब्यात. काढताना काही लागलं असं वाटलं तर तिथेच हात स्वच्छ करा, मी तर दर पायरीनंतर करायला सांगते.

गॉगल किंवा शील्ड. डोकं थोडं पुढे वाकवा, डोळे मिटा, मागच्या पट्ट्याला धरून पुढे आणि चेहऱ्यापासून लांब उचला. काचेला हात नाही.

गाऊन. मानेमागचा बंद सोडा, मग कमरेचा. तुमच्या गाऊनचा बंद पुढे येत असेल तर तो घाण समजायचा, म्हणून ग्लोव्हज काढायच्या आधीच सोडून ठेवा. मग खांद्यापाशी आतून हात घालून गाऊन पुढे आणि खाली सोडा, बाह्या उलट्या होत निघू द्या, बाहेरच्या बाजूला बोट लागू न देता आतली बाजू वर ठेवून गुंडाळा. अंगापासून लांब धरून. गाऊन झटकायचा नाही. पातळ एकदा वापरायचा गाऊन असेल तर दुसरी पद्धत पण आहे, ग्लोव्हज घातलेल्या हातांनी पुढून धरून ओढायचा, मागचे बंद तुटतात, आणि बाह्यांबरोबर ग्लोव्हज पण उलटे होऊन एकाच गुंडाळीत निघतात. मला स्वतःला ही जास्त आवडते, त्यात गॉगल गाऊननंतर निघतो. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, तुमच्या वॉर्डमध्ये जी शिकवलीय आणि भिंतीवर लावलीय तीच धरा, आज ही उद्या ती असं केलंत की हाताला सवय लागत नाही.

मास्क सगळ्यात शेवटी. खालचा बंद आधी सोडा, मग वरचा, बंदाला धरूनच पुढे काढा आणि डब्यात. वरचा आधी सोडला तर मास्क उलटा होऊन गळ्यावर पडतो. एन-९५ चं पण तसंच, खालचा पट्टा डोक्यावरून पुढे, मग वरचा. पुढचा कप धरून ओढायची सवय खूप जणांना असते, माझ्या हनुवटीखालचा तो ठसा तिथूनच आला होता. तेव्हा आमच्या सीनियर सिस्टर मागे उभ्या होत्या, म्हणाल्या, "अगं, इतका वेळ मास्कने जे अडवलं ते तूच हाताने घेतलंस की."

आणि परत हात. पूर्ण, घाई न करता.

काही बिघडलं तर

सुई टोचली तर लगेच साबण-पाण्याने धुवा, पिळत बसू नका, ब्लीच वगैरे ओतू नका. डोळ्यात उडालं तर स्वच्छ पाण्याने किंवा सलाईनने भरपूर धुवा. मग ताबडतोब सांगा, शिफ्ट संपल्यावर नाही. एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक गोळी जितक्या लवकर तितकी चांगली, ७२ तासांच्या आत सुरू व्हायलाच हवी, आणि बोलणी खावी लागतील म्हणून लपवलेले तास त्यातूनच वजा होतात. ओरडणारे असतात, माहितीये. तरी सांगा.

एन-९५ धुवायचा नाही, सॅनिटायझर मारायचा नाही. त्याच्या आतल्या थरावर विजेचा भार असतो, तो बारीक कण ओढून धरतो, अल्कोहोल किंवा साबणाने तो भार जातो, मास्क दिसायला तसाच राहतो पण कामाचा राहत नाही.

साफसफाई करणाऱ्या मावशी-मामांना लोक तपासणीचे पातळ ग्लोव्हज देऊन मोकळे होतात ते चूक आहे, त्यांना जाड रबरी ग्लोव्हज आणि बंद बूट हवेत, कारण चादरीत विसरलेली सुई त्यांनाच टोचते. तुम्ही नवीन असलात तरी हे तुम्ही बोलू शकता.

हातांना क्रीम लावा, ड्युटी संपल्यावर तर नक्कीच. लॅटेक्सचे ग्लोव्हज वापरत असाल तर ड्युटीवर तेलकट, व्हॅसलीनसारखं काही नको, त्याने लॅटेक्स कमजोर होतं.

सरावासाठी चमकणारं लोशन मिळालं नाही तरी अडत नाही. जुने कपडे घाला, ग्लोव्हजवर लहान मुलांचा पाण्याचा रंग नाहीतर शेव्हिंग फोम फासा आणि ओला असतानाच सगळं काढा, समोर एकाला बघायला बसवा. मनगटावर डाग आला तर दुसऱ्या ग्लोव्हजला बोटं बाहेरून लावलीत. पोटावर आला तर गाऊन अंगाशी धरून गुंडाळलात. तोंडावर बारीक ठिपके आले तर ग्लोव्ह झटक्यात ओढलात. डाग कुठे आहे ते बघा आणि तेवढीच पायरी परत करा.